सतरा वर्षांनी आलेला अल्बम : ‘टिअर्स फॉर फिअर्स’ परतले, पण कोणते?

जुनी_कॅसेट | शनिवार, ५ मार्च २०२२, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात, २५ फेब्रुवारीला, ‘टिअर्स फॉर फिअर्स’ या इंग्लिश जोडीचा ‘द टिपिंग पॉइंट’ हा नवा अल्बम प्रसिद्ध झाला. यापूर्वीचा त्यांचा अल्बम २००४ सालचा. त्याच वर्षी जन्मलेली माझी मुलगी सध्या बारावीची परीक्षा देत आहे आणि काल तिचा इंग्रजीचा पेपर झाला, एवढे सांगितले म्हणजे मधल्या काळाची लांबी लक्षात यावी.

ज्यांना या बँडची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. रोलंड ऑर्झाबाल आणि कर्ट स्मिथ, दोघेही १९६१ साली जन्मलेले, किशोरवयात बाथ या गावी भेटले आणि १९८१ मध्ये त्यांनी हा बँड काढला. नाव घेतले ते आर्थर जॅनोव्ह या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांवरून; लहानपणी दडपलेले दुःख रडून-ओरडून मोकळे केले की मोठेपणीची भीती सुटते, असे त्याचे सांगणे होते. ‘द हर्टिंग’ (१९८३) हा त्यांचा पहिला अल्बम त्याच विचारात बुडालेला आहे. ‘साँग्ज फ्रॉम द बिग चेअर’ (१९८५) अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘द सीड्स ऑफ लव्ह’ (१९८९) करताना इतकी वर्षे आणि इतका पैसा खर्ची पडला की १९९१ मध्ये कर्ट बाहेर पडला. रोलंडने त्याच नावाखाली आणखी दोन अल्बम काढले, मग दोघांचे पुन्हा जमले, २००४ चा अल्बम झाला, आणि त्यानंतर नव्या गाण्यांच्या बाबतीत जवळजवळ शांतता पसरली.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती वसतिगृहात. ‘बिग चेअर’ कोणीतरी साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणला होता, म्हणजे एका बाजूला जेमतेम अर्धा तास. ‘ब्रोकन’ संपताना त्याच्याच पोटातून ‘हेड ओव्हर हील्स’ सुरू होते, आणि नेमक्या त्या जागी फीत संपून टेपरेकॉर्डरचे बटण खटकन वर येत असे. आजही मोबाइलवर हा अल्बम ऐकताना त्या जागी माझा हात आपोआप पुढे जातो.

नव्या अल्बमची हकिकत अशी सांगितली जाते, की व्यवस्थापनाच्या आग्रहावरून या दोघांना आजच्या चलतीच्या गीतकारांबरोबर बसवण्यात आले, त्यातून पुष्कळ गाणी तयार झाली, पण ती ऐकताना आपलेच अनुकरण केल्यासारखे त्यांना वाटू लागले. शेवटी २०२० च्या सुरुवातीला दोघे लॉस एंजेलिसमध्ये कर्टच्या घरी दोन साध्या गिटारी घेऊन समोरासमोर बसले आणि ‘नो स्मॉल थिंग’ हे गाणे झाले. अल्बमची सुरुवात त्याच गाण्याने होते; सिंथसाठी (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) प्रसिद्ध असलेल्या बँडच्या पुनरागमनातला पहिला आवाज लाकडी गिटारीचा आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे, की इतक्या वर्षांनी परतणाऱ्याने आपला जुना आवाज घेऊन यावे की आपले वय घेऊन यावे? माझ्या मते या दोघांनी वय आणले, आणि म्हणूनच हा अल्बम तरला.

चहाबाज | शनिवार, ५ मार्च २०२२, रात्री ९.५२

तूर्त रुमाल टाकून ठेवत आहे. सतरा वर्षे थांबलेल्या माणसाला सविस्तर प्रतिसादासाठी एक रविवार थांबणे जड जाणार नाही.

शंकासुर | शनिवार, ५ मार्च २०२२, रात्री १०.३०

धागाकर्त्यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी मला मान्य नाहीत.

पहिली म्हणजे शांतता. ही मंडळी या काळात घरी बसून नव्हती. दौरे चालूच होते, २०१७ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचा मोठा कार्यक्रम झाला, त्याच वर्षी निवडक गाण्यांचा संग्रह निघाला आणि त्यात दोन नवी गाणी होती. त्यांतले ‘स्टे’ हे गाणे या तथाकथित नव्या अल्बमच्या शेवटी पुन्हा आलेले आहे. तेव्हा सतरा वर्षांच्या मौनाची गोष्ट ऐकायला छान असली, तरी व्यवहारात ती जुन्या गाण्यांवर चाललेल्या चांगल्या चरितार्थाची गोष्ट आहे. चरितार्थ चालवण्यात गैर काही नाही, पण त्याला वनवास म्हणू नये.

दुसरी गोष्ट, या बँडला सिंथ-पॉप म्हणावे का? ‘द हर्टिंग’ला जरूर म्हणावे. ‘सीड्स ऑफ लव्ह’ला मात्र ते लेबल लावता येत नाही, त्यात पियानो आहे, जॅझ आहे, ओलीटा अ‍ॅडम्सचा आवाज आहे आणि एका गाण्यात तर फिल कॉलिन्स ड्रम वाजवतो. म्हणजे ‘जुना आवाज’ म्हणून जो एक आवाज आपण गृहीत धरतो, तो त्यांनी स्वतःच १९८९ मध्ये सोडून दिला होता. जे सोडले ते परत आणले की नाही, ही चर्चा मला थोडी पोकळ वाटते.

तिरकिट | रविवार, ६ मार्च २०२२, सकाळी ८.१५

मी तबला शिकवतो आणि पाश्चात्त्य संगीतातले मला फारसे कळत नाही, पण शंकासुरांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझ्या बाजूने एक उत्तर आहे.

अल्बमचे शीर्षकगीत काल रात्री चार वेळा ऐकले आणि प्रत्येक वेळी मांडीवर मात्रा मोजल्या. त्याची चाल चार ठोक्यांची आहे आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन तुकडे आहेत. आमच्याकडे नवा विद्यार्थी हे ऐकून पटकन दादरा म्हणेल आणि चुकेल. हे तिस्र अंगाने चालणारे चार ठोक्यांच्या चालीचे वजन आहे, पायाने चार मोजावेत आणि बोटांनी बारा. मग मी १९८५ चे ‘एव्हरीबडी वाँट्स टू रूल द वर्ल्ड’ लावले. वजन तेच, तीच झुलती चाल. फरक असा, की जुन्या गाण्यात ती झुल उघड्या मोटारीतून फिरायला निघाल्यासारखी वाटते, आणि नव्या गाण्यात तीच झुल पाळणा हलवणाऱ्या थकलेल्या हातासारखी वाटते.

तेव्हा आवाजाची लेबले बदलली तरी हाताचे वजन बदललेले नाही. तबल्यात आम्ही माणूस ओळखतो तो त्यावरूनच, कोणत्या कंपनीचा तबला आहे त्यावरून ओळखत नाही.

चहाबाज | रविवार, ६ मार्च २०२२, सकाळी ८.४०

तिरकिट गुरुजी, ‘पायाने चार आणि बोटांनी बारा’ करण्याच्या नादात माझा कप कलंडला आहे. जबाबदारी आपली.

दूरदेशी | रविवार, ६ मार्च २०२२, दुपारी ३.०५

मी ब्रिस्टलमध्ये राहते. बाथ आमच्यापासून रेल्वेने पाव तासाच्या अंतरावर आहे. शुक्रवारच्या विक्रीच्या यादीत हा अल्बम इथे दुसऱ्या क्रमांकावर आला. दुकानात तो विकत घेणाऱ्या रांगेत मी उभी होते आणि माझ्या पुढे-मागे सगळे पन्नाशीच्या पुढचे होते, एका गृहस्थांच्या हातात तर नातवाची ढकलगाडी होती.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट लिहिलेली नाही, कदाचित मुद्दाम लिहिली नसेल. रोलंडची पत्नी कॅरोलिन २०१७ मध्ये दीर्घ आजारानंतर वारली. ते दोघे किशोरवयापासून एकत्र होते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये बँडचे पहिलेच गाणे निघाले, ‘सफर द चिल्ड्रन’, त्यात लहान मुलीसारखा एक आवाज ऐकू येतो. तो तिचाच आहे. म्हणजे या बँडच्या पहिल्या तबकडीवर ती आहे आणि या अल्बमच्या शीर्षकगीतात तिच्या उशाशी बसलेला नवरा आहे. रुग्णालयात आपले माणूस जगण्याकडून मरणाकडे नेमक्या कोणत्या क्षणी झुकते, ते पाहत बसणे हा त्या गाण्याचा विषय आहे आणि शीर्षकाचा अर्थही तोच आहे.

मी परिचारिका आहे. रात्रपाळीत अशी पुष्कळ माणसे पाहिली आहेत. नवखा नातेवाईक यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहतो. ज्याला तिथे बसून आठवडे झालेले असतात तो आकड्यांकडे पाहत नाही, तो छातीवरच्या चादरीकडे पाहतो. ती वर येते आणि खाली जाते, आणि प्रत्येक वेळी खाली गेल्यावर तो थोडा थांबतो. तिरकिट यांनी पाळण्याच्या हाताची उपमा दिली, ती वाचून मला ती चादर आठवली. त्या गाण्याची लय मला तशीच ऐकू येते.

यावर सिंथ आहे की गिटार आहे, हे मला तरी त्यानंतर सुचले नाही.

शंकासुर | रविवार, ६ मार्च २०२२, सायंकाळी ६.२०

दूरदेशी, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिले नाही. आपल्या अनुभवाविषयी आदर ठेवून तरीही म्हणतो, की दुःख खरे आहे म्हणून गाणे चांगले ठरत नाही. तसे असते तर प्रत्येक शोकसभेतली कविता थोर ठरली असती. शीर्षकगीत चांगले आहे, पण ते तिरकिट सांगतात त्या कारणासाठी चांगले आहे. पार्श्वभूमी न कळताही ते झुलते आणि झुलता झुलता अस्वस्थ करते.

आता धागाकर्त्यांच्या हकिकतीकडे वळतो. चलतीच्या गीतकारांना दूर सारून दोन मित्र गिटारी घेऊन बसले आणि अल्बम वाचला, ही कथा जितकी सरळ सांगितली जाते तितकी ती सरळ नाही. अल्बमच्या निर्मात्यांच्या यादीत साशा स्कारबेक यांचे नाव आजही आहे. हे तेच गृहस्थ, जेम्स ब्लंटच्या ‘यू आर ब्यूटिफुल’चे आणि मायली सायरसच्या ‘रेकिंग बॉल’चे सहगीतकार. चलतीचे गीतकार म्हणजे आणखी कोण असतात? याचा अर्थ त्या बैठकांतले काही टाकले आणि काही ठेवले. ‘माय डीमन्स’ ऐका, त्यातला घट्ट, कोरडा, यांत्रिक ठोका दोन गिटारींतून निघालेला नाही. आणि गंमत अशी, की सिंथ-पॉपची भूक असलेल्याला या अल्बममध्ये सर्वांत जास्त समाधान याच गाण्यात मिळेल.

जुनी_कॅसेट | रविवार, ६ मार्च २०२२, रात्री ९.१०

स्कारबेक यांच्याविषयीचा मुद्दा मान्य आहे. मी हकिकत जशी वाचली तशी लिहिली आणि अल्बमच्या वेष्टनावरची नावे नीट पाहिली नाहीत, हा माझा आळस. कॅरोलिनचा उल्लेख मात्र मी मुद्दामच टाळला होता, कारण तो एकदा केला की बाकी काही बोलता येत नाही, असे वाटले होते. दूरदेशी यांनी तो जसा केला तसा मला करता आला नसता.

तरीही माझ्या मूळ म्हणण्यावर मी कायम आहे. टाकले किती आणि ठेवले किती यापेक्षा, टाकण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहिला हे महत्त्वाचे आहे. ‘मास्टर प्लॅन’ हे गाणे तर आपल्या जुन्या व्यवस्थापनावरचा राग काढण्यासाठीच लिहिलेले आहे. साठीच्या उंबरठ्यावर माणूस असा राग चालीत बांधून मोकळा होतो, हे मला आवडले. जॅनोव्हने सांगितलेले ओरडणे शेवटी इथे कामाला आले म्हणायचे.

काळी_दोन | सोमवार, ७ मार्च २०२२, सकाळी ११.००

आतापर्यंत ठोका, वाद्य, निर्माता आणि दुःख यांवर लिहून झाले, गळ्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी गाणे शिकते आणि शिकवते.

या बँडमध्ये दोन गळे आहेत आणि त्यांचे काम पहिल्यापासून वाटलेले आहे. रोलंडचा गळा भरदार, खाली दबलेला आणि वर फुटणारा, ‘शाउट’ त्याचेच. कर्टचा गळा पातळ, सरळ, फारसे अलंकार न घेणारा; ‘मॅड वर्ल्ड’ रोलंडने लिहिले असले तरी गायला कर्टच लागला. लिहिणाऱ्याने स्वतः न गाता दुसऱ्याला द्यावे, यात एक शहाणपण असते. लिहिणारा गायला लागला की आपल्याच शब्दांना तो कुरवाळू लागतो. दुसरा गळा ते शब्द नुसते ठेवतो.

या अल्बममध्ये ‘प्लीज बी हॅपी’ नावाचे एक संथ गाणे आहे, बरेचसे पियानोवर चालणारे. ते रोलंडने पत्नीच्या नैराश्याच्या दिवसांवर लिहिले, आणि गायले आहे कर्टने. माझ्या दृष्टीने अल्बमचे केंद्र शीर्षकगीतात नसून इथे आहे. ज्या मित्राशी १९९१ मध्ये फाटले आणि पुढे कितीतरी वर्षे बोलणे नव्हते, तोच मित्र तीस वर्षांनी तुमच्या घरातली सर्वांत अवघड गोष्ट तुमच्या वतीने म्हणतो. त्याने ती रडवेली केलेली नाही, सूर जिथे ठेवायचा तिथे ठेवला आहे आणि पुढच्या ओळीवर गेला आहे. पहिल्या अंतऱ्यानंतर तो जिथे श्वास घेतो तिथे जरा कान द्यावा. तो श्वास पंचविशीतल्या गायकाचा नाही आणि त्याने तो लपवलेलाही नाही.

जुना आवाज की वय, असा धागाकर्त्यांचा प्रश्न आहे. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारणार नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांना देशभर कीर्ती मिळाली तेव्हा ते साठीच्या आसपास होते, आणि ‘बुवा आता पूर्वीसारखे गात नाहीत’ हे आपण काही वेळा कौतुकानेही म्हणतो. पॉप संगीताने मात्र तारुण्य हीच आपली पुंजी मानली, म्हणून तिथे साठीतला गायक परतला की त्याला आधी वयाचा खुलासा करावा लागतो.

अर्धविराम | सोमवार, ७ मार्च २०२२, दुपारी २.३०

या धाग्यावर बहुधा मी सर्वांत लहान असेन. माझे वय चोवीस आहे आणि माझ्याकडे या बँडची कोणतीही कॅसेट नव्हती, त्यामुळे मला परतीचा आनंद होण्याचे काही कारणच नाही. ‘मॅड वर्ल्ड’ मला आधी गॅरी ज्यूल्सच्या आवाजात माहीत होते, ते २००३ च्या नाताळात इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले संथ रूप. मूळ गाण्याला नाचता येईल असा ठेका आहे हे कळल्यावर मला धक्काच बसला. ‘पेल शेल्टर’ही मी पहिल्यांदा द वीकेंडच्या २०१६ च्या ‘सीक्रेट्स’मध्ये घेतलेल्या तुकड्यातून ऐकले.

म्हणून थोडे परखड लिहितो. पहिली दोन गाणी उत्तम आहेत, ‘रिव्हर्स ऑफ मर्सी’ सुंदर आहे, ‘माय डीमन्स’ कानठळ्या बसवणारे असून आवडले. पण ‘लाँग, लाँग, लाँग टाइम’ नावाप्रमाणेच वाटले आणि ‘एंड ऑफ नाइट’पर्यंत माझे लक्ष उडाले होते. जे ज्येष्ठ सदस्य बेचाळीस-एक मिनिटांचा हा अल्बम सलग, डोळे मिटून ऐकत आहेत, ते निम्मा अल्बम आपल्या आठवणींनी भरून काढत आहेत, अशी मला शंका आहे. काळी_दोन यांनी सांगितलेला श्वास मात्र आता जाऊन ऐकला आणि तो खरोखर आहे.

चहाबाज | सोमवार, ७ मार्च २०२२, रात्री १०.०५

रुमाल उचलून जागेवर बसत आहे.

पुनरागमने हल्ली इतकी होत आहेत की त्यांची एक पंगत मांडता येईल. इंग्लंडमधल्या सिंथ-पॉप बँडांचेच पाहा, ओएमडी २०१० मध्ये चौदा वर्षांनी परतले. ह्यूमन लीग २०११ मध्ये दहा वर्षांनी. सॉफ्ट सेल वीस वर्षांनी यंदा येऊ घातले आहेत. स्वीडनचा ‘आबा’ हा बँड घ्या, ते गेल्या नोव्हेंबरात चाळीस वर्षांनी आले आणि पाने वाढलेली असताना उठून गेलेल्या पाहुण्यांसारखे अगदी त्याच ताटावर, त्याच चटणीपासून जेवायला बसले. आणि जर्मनीचे क्राफ्टवेर्क, या सगळ्यांचे मूळपुरुष, १९८६ च्या अल्बमनंतर पूर्णपणे नव्या अल्बमसाठी २००३ उजाडले, म्हणजे तीही बरोबर सतरा वर्षेच. मात्र क्राफ्टवेर्कना कोणी वयाचा प्रश्न विचारला नाही, कारण आपण यंत्रे आहोत असे त्यांनी १९७८ मध्येच जाहीर करून ठेवले होते. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

या पंगतीत ओएमडीचे उदाहरण धागाकर्त्यांच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे आहे. परतीचा पहिला अल्बम काढताना त्यांच्यावर सिद्ध करण्याचे ओझे होते आणि ते ऐकू येते; मला त्यांचा खरा परतलेला अल्बम त्याच्या पुढचा, २०१३ चा ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ वाटतो. लग्नाला बऱ्याच वर्षांनी आलेला काका पहिल्या दिवशी सगळ्यांना आपण कसे मजेत आहोत हे सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना खरे काय ते बोलतो. ‘टिअर्स फॉर फिअर्स’ यांचा हा पहिला दिवस आहे की दुसऱ्या दिवशीची सकाळ, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सोल्डरवाला | मंगळवार, ८ मार्च २०२२, दुपारी १२.४५

थोडे अवांतर होईल, पण विषय सिंथचाच आहे. मुंबईत मी जुने कीबोर्ड दुरुस्त करतो.

सिंथवरून परतलेल्या माणसांची यादी करताना आपण सगळे इंग्लंड आणि जर्मनीत फिरून आलो आणि आपल्याच शहरातला माणूस विसरलो. चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि इतर वाद्ये वाजवत. १९८२ साली, म्हणजे ‘मॅड वर्ल्ड’ निघाले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत रोलंड कंपनीचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ अशी तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. कोणी विचारले नाही. २०१० मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली, शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्या आधी हे कसे वाजले म्हणून लोक चक्रावले, आणि सत्तरी ओलांडलेल्या सिंगांना युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

हे सांगण्याचे कारण असे, की त्यांना परतताना नवा अल्बम करावाच लागला नाही; लोकच तीस वर्षे चालून त्यांच्यापर्यंत पोहोचले. ज्यांना १९८५ मध्येच सगळे जग ऐकत होते, त्यांना ती सवलत नसते. त्यांच्या प्रत्येक नव्या सुराशेजारी जुना सूर उभा असतो.

आता अल्बमविषयी एक कारागिराचे निरीक्षण. जुन्या यंत्रांचे सूर तापमानाप्रमाणे किंचित हलत, वाजवण्यापूर्वी ती तापवून जुळवावी लागत, आणि त्या हलण्यामुळे आवाजाला एक ओलावा येई. या अल्बममधले सिंथ जागेवरून हलत नाहीत, ते संगणकात नीट बसवलेले वाटतात. हलतात ते दोघांचे गळे. १९८३ मध्ये हे नेमके उलट होते.

तिरकिट | मंगळवार, ८ मार्च २०२२, दुपारी १.१०

सोल्डरवाला, आपली शेवटची चार वाक्ये मी वहीत उतरवून घेतली आहेत. आमच्या तबल्यालाही पावसाळ्यात हाच ओलावा येतो, फक्त त्याचे कोणी कौतुक करत नाही.

शंकासुर | मंगळवार, ८ मार्च २०२२, रात्री ८.५०

‘हलतात ते गळे’ हे निरीक्षण मात्र मी विनातक्रार स्वीकारतो, आणि या धाग्यावरचा माझा पहिला प्रतिसाद थोडा उद्धट होता हेही स्वीकारतो. अमेरिकेतही अल्बम आठव्या क्रमांकावर आल्याचे वाचले. चरितार्थाची चिंता मिटली.

अर्धविराम यांच्या शंकेला उत्तर देण्याची जबाबदारी धागाकर्त्यांची आहे.

जुनी_कॅसेट | बुधवार, ९ मार्च २०२२, रात्री ११.२०

अर्धविराम, शंका रास्त आहे आणि तिच्यापासून पळ काढत नाही. काल मुद्दाम अल्बम स्वयंपाकघरात भांडी घासताना ऐकला, म्हणजे आठवणींना उतू जायला वाव राहू नये. ‘एंड ऑफ नाइट’ खरोखरच फिके आहे आणि त्याच्या जागी काही नसते तरी चालले असते. ‘लाँग, लाँग, लाँग टाइम’वरून मात्र माझी माघार नाही, त्यात करिना राउंडचा आवाज कर्टच्या मागे सावलीसारखा येतो, तेवढ्यासाठी हातातली कढई खाली ठेवली.

काळी_दोन | रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, सायंकाळी ७.३०

अडीच वर्षांनी धागा वर काढत आहे, त्याबद्दल क्षमस्व. गेल्या महिन्यात २५ तारखेला त्यांचा ‘साँग्ज फॉर अ नर्व्हस प्लॅनेट’ निघाला. त्यात चार नवी गाणी आहेत आणि बाकी अमेरिकेतल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे. नव्या चारांत रोलंडचा गळा मोकळा वाटतो, ‘टिपिंग पॉइंट’मध्ये जी मूठ आवळलेली होती ती इथे सुटली आहे. चहाबाज यांनी विचारले होते तो दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा बहुधा हा असावा, जरी फक्त चार घोटांचा असला तरी.

पण मुद्दा कार्यक्रमाच्या क्रमाचा आहे. सुरुवात ‘नो स्मॉल थिंग’, मग ‘द टिपिंग पॉइंट’, आणि त्याला लागूनच ‘एव्हरीबडी वाँट्स टू रूल द वर्ल्ड’. तिरकिट यांनी ६ मार्चला मांडीवर जे मोजले होते, ते या दोघांनी मंचावर शेजारी शेजारी ठेवून दाखवले आहे.

तिरकिट | रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, रात्री ८.००

आता विद्यार्थ्यांना ही दोन गाणी लागोपाठ ऐकवून वजन शिकवता येईल. मला मानधनाची अपेक्षा नाही.

जुनी_कॅसेट | रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.४५

दिवाळीसाठी मुलगी घरी आली आहे. ज्या मुलीचा इंग्रजीचा पेपर या धाग्याच्या आदल्या दिवशी होता तीच. काळी_दोन यांचा प्रतिसाद वाचून ती दोन गाणी मी लागोपाठ लावली, कोणते कधीचे ते न सांगता, आणि ती फराळाचे डबे भरत ऐकत होती. दुसरे संपल्यावर मी विचारले, की यातले नवे कोणते? तिने क्षणभरही विचार न करता दुसऱ्याकडे बोट दाखवले.